म्हशीच्या गोचिड्या बाटलीत भरून नेल्या, त्यांचं पुढं काय?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं : परभणीत स्थायिक झालेले एक निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आमच्याकडं दोन म्हशी, एक लाल कंधारी गाय आन् सात शेळ्या आहेत. पोळ्याच्या आधी दोन पोरं मोटारसायकलीवर आली. हातात चिमटे, बारक्या बाटल्या. म्हशीच्या कासेजवळच्या, शेपटीखालच्या गोचिड्या काढून बाटलीत भरल्या. गाईच्या मानेतून रक्त घेतलं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर उतरवून घेतला. विचारलं तर म्हणाले, ‘व्हायरस आहे का बघायचंय.’ तेव्हापासून गावात नुसता कालवा. कोणी म्हणतं सरकार जनावरं मारून टाकणार, कोणी म्हणतं डेअरी दूध घेणार नाही. माझा नातू नऊ वर्षांचा आहे, तो गोचिड्या दगडावर ठेवून फोडतो. मी स्वतः आजवर नखानंच चिरडत आले. खरं काय ते सांगा. ती पोरं पुन्हा आली तर जनावराला हात लावू द्यावा का?
— एक वाचक भगिनी, ता. मुखेड, जि. नांदेड

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हात लावू द्या. आणि नातवाचा तो खेळ आजच्या आज बंद करा. बाकीचं सावकाश सांगतो.

नातवाचं मला नवल वाटत नाही. तोच खेळ आम्ही खेळलो. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड दगडावर ठेवायची, वरून दुसरा दगड, आणि कुणाची जास्त मोठ्यानं फुटते ते बघायचं. पुढं डॉक्टरकी शिकून आलो तरी अक्कल आली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जिंतूर तालुक्यात एका बैलाच्या पोळीखालची गोचीड बोटांत धरून ओढली, ती हातातच फुटली आणि चिळकांडी थेट डाव्या डोळ्यात. मालक हसला, मीही हसलो. हौदावर डोळा धुतला आणि पुढच्या गोठ्यात गेलो. मला काही झालं नाही. पण काय होऊ शकलं असतं ते २०११ साली कळलं, आणि त्या दिवशी मी घरी बसून पुन्हा एकदा डोळा चोळला.

त्या वर्षी जानेवारीत अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यातली एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि तिची शुश्रूषा करणारी परिचारिका, दोघंही पाठोपाठ गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा निदान झालं : क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. माणसात हा आजार भारतात पक्का ठरल्याची ती पहिली वेळ. मग त्या भागातली जनावरं आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या तपासल्या, तर तिथंही तोच विषाणू. म्हणजे घरात साप आहे हे माणूस चावल्यावर कळलं. तुमच्या गोठ्यात आलेली पोरं तो आधीच कुठल्या बिळात आहे ते बघत फिरतायत.

(नावावरून दचकू नका. १९४४ साली क्रिमियात सैनिकांना असा ताप आला, १९५६ साली काँगोत एका रुग्णाच्या रक्तात एक विषाणू सापडला, आणि १९६९ साली कळलं की दोन्ही एकच. म्हणून हे जोडनाव. मुखेडच्या म्हशीचा ना क्रिमियाशी संबंध, ना काँगोशी.)

आता गोचिडीविषयी. आपण सगळ्यांना एकच नाव देतो, पण जनावरावर निदान दोन-तीन जातींच्या असतात. गाईच्या अंगावर ढिगानं दिसते ती बहुतेक वेळा साधी गोचीड. बारीक तोंड, आखूड पाय. ती अंडी सोडली तर सगळा जन्म एकाच जनावरावर काढते. हा विषाणू जिच्यामुळं पसरतो ती मुख्यतः दुसरी, हायलोमा जातीची. हातात भिंग घ्या आणि बाटलीतली गोचीड बघा. हायलोमाचं तोंड लांब, सोंडेसारखं पुढं आलेलं. पाय लांब, तांबूस, आणि प्रत्येक सांध्याला फिकट कडं. पायांत तोडे घातल्यासारखं दिसतं. ती जमिनीवर पळते, आणि चांगली वेगानं पळते. गोठ्यातल्या मातीच्या भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटींत, दावणीच्या खुंट्याभोवती लपून बसते आणि भुकेली झाली की बाहेर येते. पिल्लं एका जनावरावर, मोठी झाल्यावर दुसऱ्यावर, असं तिचं चालतं. अधल्यामधल्या वेळात माणूस सापडला तर माणूस.

पोट भरलेली मादी हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. आपल्या बांधावरच्या एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड. तिकडच्या माणसालाही ती बी बघून हेच आठवलं होतं! ही मादी जनावरावरून गळून पडते आणि भेगेत जाऊन हजारांनी अंडी घालते. मादीच्या अंगात विषाणू असेल तर काही अंड्यांतही उतरतो आणि पिल्लू मोठं होताना त्याच्या अंगात टिकून राहतो. त्यामुळं एकदा घुसला की तो गोठ्यातच मुरत जातो.

जनावराचं मात्र वेगळं आहे, आणि गावातल्या सगळ्या भीतीचं उत्तर इथंच आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या रक्तात हा विषाणू साधारण आठवडाभर राहतो. त्या आठवड्यात जनावर चारा खातं, रवंथ करतं, दूध देतं. तुम्हाला काय, मलाही बघून कळणार नाही. मग तो निघून जातो आणि रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं मागं राहतात. म्हणून ती पोरं रक्त आणि गोचीड दोन्ही नेतात. रक्त सांगतं, ‘तो येऊन गेला.’ गोचीड सांगते, ‘तो आत्ता इथं आहे.’ २०१३-१४ मध्ये देशातल्या २२ राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात जनावरांच्या रक्ताचे ५,६३६ नमुने तपासले, त्यातल्या ३५४ मध्ये ही प्रतिपिंडं मिळाली. तेव्हा हे गुजरातेचं दुखणं म्हणून हात झटकता येत नाहीत. त्या ३५४ जनावरांना कुणी मारलं नाही. मारून उपयोगच नाही, कारण विषाणूचं बिऱ्हाड गोचिडीत आहे.

मारून टाकण्याची धास्ती कुठून आली तेही मला ठाऊक आहे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या लाखांनी मारल्या, ते आपल्याकडं अजून कुणी विसरलेलं नाही. त्यावर २०२२ चा लंपी : बाजार बंद, बैल विकता येईनात. लंपी माणसाला होत नाही आणि बर्ड फ्लूचा गोचिडीशी संबंध नाही, पण भीतीला असली वर्गवारी कळत नाही. दुधाचं म्हणाल तर उकळीपुढं हा विषाणू टिकत नाही. धारोष्ण प्यायची घरात कुणाला सवय असेल तर ती सोडायला सांगा, त्याला इतरही बरीच कारणं आहेत.

बाटलीचं पुढं काय होतं? आधी भिंगाखाली जात ओळखतात. मग एका गावच्या, एका जातीच्या, एकाच अवस्थेतल्या गोचिड्या दहा-वीस-पन्नास अशा एकत्र करून त्यांचा लगदा करतात आणि आरटीपीसीआर करतात. होय, कोरोनात नाकातल्या काडीवर करायचे तीच. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. इथं उलट आहे, सगळा भात एकत्र कालवायचा आणि त्यात एखादा खडा लागतो का ते बघायचं. लगद्यात विषाणू सापडला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या वीसांतल्या निदान एकीत तो होता. कुठल्या म्हशीवरच्या, ते कळत नाही. त्यामुळं ‘तुमच्या म्हशीचा रिपोर्ट’ असं काही येणार नाही. येईल तो गावाचा.

तो तरी आला पाहिजे, हे माझं गाऱ्हाणं. १९९६ साली एका वरिष्ठ कार्यालयाच्या सांगण्यावरून मी औंढा आणि सेनगाव भागातून चाळीस बाटल्या जमवल्या. तेव्हा हिंगोली परभणीतच होतं. स्पिरिटमध्ये गोचिड्या, बाटलीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मी बॉलपेननं गावाचं नाव लिहिलेलं. एसटीच्या टपावरून खोकं उतरवलं तेव्हा दोन झाकणं सैल झालेली, आणि सांडलेल्या स्पिरिटनं चाळीसच्या चाळीस नावं धुऊन नेलेली. निळं पाणी आणि चाळीस निनावी बाटल्या. चूक माझी होती, त्या दिवसापासून मी चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाकतो. पुढच्या खेपेला सगळं नीट पाठवलं, आणि त्याचं उत्तर मात्र आजतागायत आलेलं नाही. ज्यांच्या गोठ्यातून नेल्या ती माणसं दोन वर्षं बाजारात भेटली की विचारायची, ‘डॉक्टर, आमच्या गोचिडीचं काय निघालं?’ मी काय सांगणार? तिसऱ्या खेपेला गेलो तर एकानं सरळ सांगितलं, ‘जनावर चरायला गेलंय.’ जनावर माझ्यासमोर दावणीला उभं होतं.

म्हणून ताई, पुन्हा आले तर चहा पाजा आणि चार गोष्टी विचारा : कुठल्या खात्याकडून आलात, ओळखपत्र दाखवा, फोन नंबर लिहून द्या, निकाल ग्रामपंचायतीला कळवणार का. खरा माणूस असेल तर रागावणार नाही. त्यांच्या हातात मोजे आहेत का तेही बघा. नसतील तर माझ्या वतीनं दोन शब्द ऐकवा.

आता तुमच्या नखाचं. हा ताप माणसाला तीन वाटांनी येतो. गोचीड चावून, गोचीड चिरडताना तिचं रक्त कातडीवरच्या चिरेत किंवा डोळ्यात जाऊन, आणि विषाणू असलेल्या जनावराचं किंवा रुग्णाचं रक्त अंगाला लागून. पहिली वाट आपल्या हातात नाही, दुसरी पूर्ण आपल्या हातात आहे. शेण काढणाऱ्या, खुरपणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा नाहीत असं होत नाही. गोचीड काढायची ती मेडिकलमधले रबरी मोजे घालून, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. टोकदार चिमट्यानं कातडीला लागून, तोंडाजवळ धरायची आणि न पिळता सरळ, सावकाश ओढायची. रॉकेल ओतू नका, बिडीचा चटका देऊ नका. चिडली की ती पोटातलं सगळं जखमेत ओकते. काढलेली गोचीड साबणाच्या दाट पाण्याच्या किंवा फिनाईलच्या डब्यात टाका. साध्या पाण्यात ती तासन्‌तास जगते.

माणसाला चावली असेल तरी हीच रीत. चावल्याची तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. चावल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत ताप येतो, रक्त लागून असेल तर तेरा दिवसांपर्यंत. एकाएकी जोराचा ताप, मान-पाठ-डोकं ठणकणं, डोळ्यांना उजेड सोसेना, उलट्या, आणि पुढं हिरड्यांतून-नाकातून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग. सुरुवातीला तो थेट डेंग्यूसारखा दिसतो, प्लेटलेट्सही तशाच घसरतात. डॉक्टर विचारणार नाहीत, तुम्हीच सांगायचं, ‘मी जनावरांच्या गोचिड्या काढते.’ हे एक वाक्य तुमच्याइतकंच त्या डॉक्टरलाही वाचवू शकतं, साणंदची गोष्ट आठवा. ज्यांना हा आजार पक्का होतो त्यांतले शंभरात १० ते ४० दगावतात आणि सर्रास देता येईल अशी लस नाही. हे सांगून घाबरवायचं नाही मला. गोचीड चावलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. माझा डोळा साक्षीला आहे.

गोठ्याचं थोडक्यात. भिंतीच्या भेगा सिमेंटनं लिंपा. खुंट्याभोवतीची माती उकरून बदला. औषध सगळ्या जनावरांना एकाच दिवशी लावा, शेळ्यांसकट, नाहीतर गोचिड्या नुसतं बिऱ्हाड बदलतात. औषध दवाखान्यातून विचारूनच घ्या आणि त्यानंतर किती दिवस दूध घालायचं नाही तेही विचारा. कपाशीवरचं उरलेलं औषध म्हशीला चोपडणारे महाभाग मी पाहिलेत. म्हशीही पाहिल्या, दुसऱ्या दिवशी, पाय झाडताना.

प्रश्न : आमचं गाव किनवटच्या जंगलाला लागून आहे. पोरं मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करायला जातात. माकडांच्या गोचिडीपासून ताप येतो असं ऐकलं. वानरं तर रोज कौलांवर असतात. हाकलावीत का?
— एक शिक्षक, ता. किनवट

उत्तर : गुरुजी, वानरांना हाकलून काही होणार नाही, तीही बिचारी याच आजारानं मरतात. तुम्ही ऐकलाय तो माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि मागोमाग माणसं तापानं फणफणली, तेव्हा तो प्रथम सापडला. विषाणू वेगळा, गोचीडही वेगळी, जंगलातली, अगदी बारकी. चावते ती बहुधा तिची तिळाएवढी पोर, त्यामुळं कळतही नाही. पश्चिम घाटाच्या ओल्या जंगलातला हा आजार २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात काजूच्या बागांपर्यंत येऊन पोचला. किनवटचं सागाचं कोरडं रान वेगळं आहे. तरी सवय एक लावा. मेलेलं वानर दिसलं की पोरांनी हात लावायचा नाही, वनरक्षकाला कळवायचं. माकडतापावर नजर ठेवायची पहिली घंटा तीच असते. दुसरी रीत शाळेत करून बघण्यासारखी आहे. पांढरं फ्लॅनेलचं कापड काठीला बांधून गवतावरून दहा पावलं ओढायचं, उलटं करून बघायचं. जनावर आलं समजून गोचिड्या चिकटतात. तपासणीवालेही हेच करतात, भारी यंत्र काही नाही. तुम्ही स्वतः ओढा, हातात मोजे, पायजमा मोज्यात खोचून. पोरांना लांबून मोजू द्या. रानातून आल्यावर काख, कंबर, गुडघ्यामागं, कानामागं बघायचं, हे पोरं घरी जाऊन आईला शिकवतील.

आणि दरवर्षी विचारतात म्हणून : स्क्रब टायफस गोचिडीचा नाही. तो गवतातल्या किड्याच्या सूक्ष्म पिल्लांचा, आणि विषाणूचा तर नाहीच. त्यावर वेळेत दिलेलं साधं अँटिबायोटिक चालतं. ताप तीन दिवस उतरला नाही तर अंगावर काळी खपली शोधा आणि दवाखाना गाठा.

प्रश्न : गोठ्यात गावरान कोंबड्या सोडल्या तर गोचिड्या खातात म्हणे. खरं आहे का? आणि मग अंडी खाल्लेली चालतात का?
— एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : खातात, आवडीनं खातात. सकाळी बसलेल्या म्हशीच्या पोटाखाली मान घालून टिपतात आणि म्हैसही हलत नाही. एकदा आमच्याकडं कापलेल्या कोंबडीची गळ्यातली पिशवी मी मुद्दाम चिरून बघितली, ज्वारीच्या दाण्यांत अकरा गोचिड्या निघाल्या. बायकोनं त्या दिवशी रस्सा खाल्ला नाही. कोंबडीच्या अंगात काँगोचा विषाणू वाढत नाही, पक्ष्यांत शहामृगाला तो होतो आणि गेवराईत शहामृग कुणी पाळत नसावं. अंडी बिनघोर खा. फक्त ज्या दिवशी गोठ्यात औषध फवाराल त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस कोंबड्या डालग्याखाली ठेवा, औषधानं तडफडून पडलेली गोचीड त्या सगळ्यांत आधी उचलतात.